लान्सफील्ड वर्गीकरण

मालागोलाणू, म्हणजेच स्ट्रेप्टोकॉकस, या जिवाणूंची पेशीभित्तीतील कर्बोदकावरून गटवारी करण्याची पद्धत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करणाऱ्या रिबेका लान्सफील्ड (१८९५–१९८१) यांनी ती १९३३ मध्ये मांडली.

त्याआधी भिस्त होती रक्तमिश्रित आगरावर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर. वसाहतीभोवतीचे रक्त पूर्ण विरघळून स्वच्छ कडे पडले तर बीटा, हिरवट छटा आली तर आल्फा, काहीच बदल झाला नाही तर गॅमा. आजही तपासणी इथूनच सुरू होते. पण माणसाचा घसा सुजवणारा जिवाणू आणि गाईच्या कासेतला जिवाणू, दोघेही बीटा असू शकतात. नुसत्या नजरेला ते वेगळे कळत नाहीत. लान्सफील्ड यांनी जिवाणू सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून अर्क काढला आणि सशाच्या प्रतिरक्तद्रवाशी, म्हणजे प्रतिपिंडे असलेल्या रक्तद्रवाशी, त्याचा संयोग घडवला. साका तयार झाला की गट ठरला. माणसातले बहुतेक नमुने ‘ए’ गटात आले, गाईंचे ‘बी’ गटात.

त्यांचे याहून मोलाचे काम ‘ए’ गटातल्या जिवाणूंच्या पृष्ठभागावरील एम प्रथिनावरचे म्हणावे लागेल. या प्रथिनाचे अनेक प्रकार असतात आणि एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून वाचवत नाही. म्हणूनच एकाच मुलाचा घसा पुनःपुन्हा धरतो, आणि अशा वारंवार संसर्गातून संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. भारतात हा आजार अजून सरलेला नाही. एम प्रथिनाचे प्रकार आता जनुकक्रमावरून ओळखतात. ते २०० हून अधिक आहेत.

रोजच्या प्रयोगशाळेत आधी कॅटालेज या विकराची (एन्झाइमची) चाचणी होते. ती नकारार्थी आली की स्टॅफिलोकॉकस हा दुसरा गोलाणू बाद. पुढे ‘ए’ गटासाठी बॅसिट्रॅसिन या प्रतिजैविकाची चकती किंवा पीवायआर ही विकराची चाचणी, ‘बी’ गटासाठी कॅम्प चाचणी. हिच्यात आगरावर बाणाच्या टोकासारखा आकार उमटतो. ‘बी’ गट ओळखण्यात हयगय चालत नाही, कारण प्रसूतीच्या वेळी आईकडून तो बाळाकडे जाऊन नवजाताला रक्तदोष किंवा मेंदूज्वर होऊ शकतो.

गट म्हणजे जाती नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. न्यूमोनियाचा जिवाणू या गटवारीत बसतच नाही; तो ऑप्टोचिन या रसायनाबाबतची संवेदनशीलता आणि पित्तक्षारात विरघळणे यांवरून ओळखतात. ‘डी’ गटातले आतड्यातले काही जिवाणू १९८४ मध्ये एंटेरोकॉकस या वेगळ्या प्रजातीत गेले. गळू करणारा स्ट्रेप्टोकॉकस अँजिनोसस तर ए, सी, एफ, जी यांपैकी कोणत्याही गटाचा प्रतिजन (गट ठरवणारे कर्बोदक) दाखवू शकतो किंवा एकही दाखवत नाही.