चांदीची साठवण (सातारा-सांगली परिसर)

दागिने, नाणी, देवाचे टाक, भांडी किंवा लगडीच्या (ओतीव विटेच्या) रूपात प्रत्यक्ष चांदी विकत घेऊन ती घरी बाळगणे आणि गरजेच्या वेळी मोडून तिच्या बदल्यात रोकड किंवा नवा डाग (दागिना) घेणे, ही बचतीची जुनी रीत सातारा व सांगली जिल्ह्यांत आजही चालू आहे. कृष्णा-वारणाकाठच्या बागायती गावांत उसाचे बिल किंवा हळदीची पट्टी हाती आली की एकरकमी पैशाचा काही भाग सराफाकडे जातो. माण, खटाव, खानापूर, आटपाडी आणि जत या पर्जन्यछायेतील तालुक्यांत मात्र तीच चांदी पुढच्या कोरड्या वर्षाची तरतूद असते. सोने न परवडणाऱ्या कुटुंबाला थोड्या पैशांत घेता येणारी ही धातू असून, सोने पायात घालू नये या संकेतामुळे तोडे, पैंजण, वाळे व जोडवी चांदीचीच होतात. त्यामुळे शेतकरी घरातील स्त्रीधनात तिचा वाटा मोठा राहिला. पुरुषांच्या अंगावरचे कडे व करदोटा हीदेखील साठवणच होय.

या साठवणीचा पाया रुपयाने घातला. १८३५ च्या कायद्याने ठरलेला कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती. एक रुपया म्हणजे एक तोळा आणि ८० रुपयांचा एक शेर, असा हिशेब असल्याने नाणे वजन म्हणूनही तागडीत पडे. (आज सराफ ज्याला तोळा म्हणतो तो मात्र १० ग्रॅमचा असतो, आणि आजीच्या डागाचे वजन सांगताना होणारा घोळ बहुधा इथूनच सुरू होतो.) टांकसाळीत चांदी नेऊन ठरावीक शुल्क भरले की तिचे रुपये पाडून मिळत असल्यामुळे दागिना आणि नाणे यांच्या किमतीत फारसे अंतर पडत नसे. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत वितळवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर दागिने आले, ते याच सोयीमुळे. १८९३ मध्ये सरकारने ही मुक्त नाणेपाडणी बंद केली आणि रुपयाचे मोल त्यातील चांदीपासून तोडले. चांदीचा बाजारभाव उतरला तरी रुपया टिकला, त्यामुळे ज्याने रुपये पुरून ठेवले तो तरला आणि ज्याने तोडे करून ठेवले त्याला १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत कमी पैसे मिळाले. चांदी बाळगणाऱ्यांचे एवढे मोठे नुकसान शांतपणे, केवळ एका कायद्याने झाल्याचे उदाहरण विरळाच. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ च्या रुपयात निकेल आले, याच काळात जुना ‘राणीछाप’ रुपया चलनातून निघून लक्ष्मीपूजनाच्या ताटात गेला. बाजारात त्याच्या नकलाही आहेत. वजन आणि कडेवरच्या रेघा पाहिल्यावर बऱ्याचशा उघड्या पडतात.

वस्तुविनिमयाचे माध्यम म्हणून चांदीचे स्थान अनेकदा फुगवून सांगितले जाते. गावगाड्यातील रोजची देवघेव धान्यावर चाले, बलुतेदाराचा वाटा खळ्यावर मिळे. चांदी बाहेर निघे ती सावकाराकडे गहाण ठेवताना, लग्नकार्यात किंवा दुष्काळात. खरा विनिमय आज उरला आहे तो सराफाच्या पेढीवर, जिथे जुना डाग ‘मोड’ म्हणून देऊन नवा घेतला जातो आणि वरचा फरकच तेवढा रोख भरला जातो.

साठवणीचा नफा-तोटा ठरतो तो या मोडीच्या वेळी. दागिना घेताना दिलेली मजुरी परत मिळत नाही. झाळ (सांधे जोडणारा मिश्रधातू), आतली लाख आणि खडे यांची घट धरली जाते, आणि उरलेल्या वजनाला टंच लावला जातो, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती ते पाहून भाव होतो. नाजूक, जास्त सांध्यांच्या पैंजणात झाळ अधिक असल्याने त्यांचा टंच भरीव वाळ्यापेक्षा कमी निघतो. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे मोठे उत्पादनकेंद्र असून पैंजण ही तेथील खास ओळख आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस २११२’ या मानकात ९९०, ९७०, ९२५, ९००, ८३५ व ८०० अशा शुद्धतेच्या श्रेणी दिलेल्या होत्या. परंतु चांदीचे हॉलमार्किंग सोन्याप्रमाणे सक्तीचे नसल्याने ग्राहकाची भिस्त पावतीवर लिहिलेल्या टंचावर आणि सराफाच्या शब्दावर राहिली.

मोडीतल्या चांदीचे पुढे काय होते, याचे उत्तर याच जिल्ह्यांतील माणसांच्या हाती आहे. विटा व खानापूर-आटपाडी परिसरातील, तसेच शेजारच्या खटाव-माणमधील अनेक कुटुंबे शेती पिकत नाही म्हणून बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याच्या ‘गलाई’ व्यवसायात उतरली. तमिळनाडू, केरळपासून उत्तर भारतापर्यंतच्या सराफ बाजारांत त्यांच्या भट्ट्या आहेत. सोनाराच्या दुकानातला केर, म्हणजे झारण, विकत घेऊन ते जाळायचे, धुवायचे, मुशीत वितळवायचे आणि त्यातून धातू काढायचा, हे त्यांचे मूळ काम. जुना डाग गाळून टंच काढणे हा त्याचाच विस्तार. मिश्र सोने तेजाबात (नायट्रिक आम्लात) टाकले की चांदी विरघळते आणि सोने खाली राहते. नंतर त्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी पुन्हा तळाशी बसते. ज्या गावांनी दुष्काळासाठी चांदी जमवली, त्याच गावांनी दुसऱ्यांची मोड गाळून दुष्काळाला तोंड दिले.

बचतीचे साधन म्हणून चांदी सोन्यापेक्षा चंचल आहे, कारण तिच्या मागणीत उद्योगांचा वाटा मोठा असतो. एप्रिल २०११ मध्ये औंसाला ५० डॉलरच्या जवळ पोहोचलेला भाव २०१५ च्या अखेरीस १४ डॉलरच्या आसपास आला होता. खरेदीवर ३ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. हवेतील गंधकामुळे येणारा काळेपणा पृष्ठभागापुरता असतो, मात्र तो वारंवार घासून काढल्यास वजन झिजते.

एवढे पाहता सराफ सांगतात तसे लगड घेणे फायद्याचे दिसते, कारण तिला मजुरी नगण्य आणि टंच पूर्ण असतो. परंतु तारणाच्या बाबतीत गणित उलटते. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार चांदीच्या तारणावरील कर्ज दागिन्यांवर, कर्जदारामागे एकूण १० किलोपर्यंत, आणि नाण्यांवर ५०० ग्रॅमपर्यंत देता येते, पण लगडीवर देता येत नाही. म्हणजे मोडताना घट सोसणारा दागिनाच बँकेच्या खिडकीवर चालतो.