वजा दिसतं, पण वजा होत नाही

परवा एका पीडीएफमधला तापमानांचा तक्ता स्प्रेडशीटमध्ये चिकटवला आणि सरासरी काढली. आली ६ अंश. आठपैकी चार नोंदी शून्याखालच्या असताना सहा कसे येतील? मग लक्षात आलं, अधिक आकडे चौकटीत उजवीकडे टेकलेत आणि वजा आकडे डावीकडे. डावीकडे बसतो तो मजकूर. म्हणजे ‘−५’ ही स्प्रेडशीटच्या लेखी संख्याच नव्हती; हिशेबात तिने ती धरलीच नाही.

दोष त्या आडव्या रेघेचा. पीडीएफमध्ये होतं खरं वजा चिन्ह (−), आणि कीबोर्डावर शून्याशेजारी असतं ते संयोगचिन्ह (-). शेजारी ठेवून बघा: + − -. खरं वजा अधिक चिन्हाइतकंच रुंद असतं आणि अधिकच्या आडव्या रेघेच्या उंचीवर बसतं. संयोगचिन्ह आखूड, शिवाय बहुतेक टाइपांत जरा खाली.

छापील पुस्तकात + आणि − ही चिन्हं प्रथम दिसतात ती १४८९ साली, लाइपझिगला छापलेल्या योहानेस विडमन यांच्या व्यापारी गणिताच्या पुस्तकात. (पेशावरजवळ १८८१ साली सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात मात्र ऋण संख्येपुढे चक्क + सारखी खूण आहे! खुणेचा अर्थ शेवटी आपण ठरवू तो.)

घोळ घातला टाइपरायटरनं. जागा वाचवायला संयोगचिन्ह, डॅश आणि वजा या तिघांना मिळून एकच कळ. संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या १९६३ च्या आस्की संकेतावलीतही जागा जेमतेम १२८, त्यामुळे तिथेही हीच काटकसर: क्रमांक ४५, कामं अनेक. पुढे जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं या ४५ क्रमांकाच्या चिन्हाचं नावच ‘हायफन-मायनस’ ठेवलं आणि खऱ्या वजाला वेगळा क्रमांक दिला, ८७२२. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे क्रमांक साठवायच्या रूढ पद्धतीत, पहिल्याला एक बाइट पुरतो, दुसऱ्याला तीन लागतात.

पण तोवर संगणकाच्या भाषा ४५ वर पोसल्या गेल्या होत्या. आजही पायथनच्या कोडमध्ये खऱ्या वजानं वजाबाकी लिहिली, तर ‘हे अक्षर चालत नाही’ म्हणून तो अडून बसतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीनं यातून छान वाट काढली. कळ तीच दाबायची. गणिती मजकुरात तिचं वजा छापलं जातं, साध्या मजकुरात संयोगचिन्ह.

मी ‘शोधा आणि बदला’ मध्ये − च्या जागी - टाकलं. चारही आकडे टुणकन उजवीकडे गेले आणि सरासरी आली ०.५.