‘बारकावा’ शब्दाची पार्श्वभूमी

‘बारीक’ मूळ फारसी. ‘तपशील’ अरबी, पण मराठीत आला तो फारसीच्याच वाटेने. मोडी कागदांत ‘बितपशील’ असे लिहून खाली कलमे मांडलेली दिसतात. तो शब्द दफ्तराचाच राहिला. ‘बारीक’ मात्र थेट चुलीपर्यंत पोचला: बारीक चिरलेला कांदा, बारीक दळण, अंगात बारीक ताप.

हिंदीने फारसीतले नाम ‘बारीकी’ जसेच्या तसे ठेवले. मराठीने मधली ‘ई’ गाळून शब्दाला घरचे प्रत्यय लावले आणि एकाऐवजी दोन नामे घडवली. ‘चतुराई’सारखी ‘बारकाई’, आणि ‘ओलावा’, ‘दुरावा’, ‘थंडावा’ यांच्या साच्यातला ‘बारकावा’.

घोळ होतो तो या दोन नामांत. बारकाई पाहणाऱ्याच्या अंगी असते, बारकावा पाहिल्या जाणाऱ्या गोष्टीत असतो. बारकाईला अनेकवचन नाही; बारकावे कितीही असू शकतात. म्हणून ‘करार बारकाईने वाचला आणि त्यातले बारकावे टिपले’ हे बरोबर. ‘करार बारकाव्याने वाचला’ हे हल्ली सर्रास छापले जाते, पण ते चूक आहे. सामान्यरूप ‘बारकाव्या-’, अनेकवचनी ‘बारकाव्यां-’. ‘बारकाव्यांसह’ यातला अनुस्वार गाळू नये.

तपशील आणि बारकावा यांतला फरक याहून महत्त्वाचा. एखादा तपशील वगळला तर माहिती कमी होते. बारकावा वगळला तर अर्थच बदलतो. ‘मी जाईनच’ आणि ‘मीच जाईन’ यांत तेच शब्द आणि तोच एक ‘च’. पहिल्यात निर्धार आहे, दुसऱ्यात इतरांना वगळणे. हा ‘च’ कुठे बसतो, हा बारकावा. भीमपलासी आणि दरबारी या दोन्ही रागांतला गंधार (‘ग’ हा स्वर) कोमलच. पण दरबारीतला अधिक उतरलेला आणि आंदोलित, म्हणजे हेलकावत लावलेला. पेटीची एकच पट्टी दोन्हींसाठी दाबली की राग ओळखू येतो, बारकावा हरवतो. ‘बारीकसारीक’ याच कुळातला, पण त्याचा रोख उलटा: सोडून दिले तरी चालेल असे काहीतरी.

‘न्युआन्स’ला मराठीत काय म्हणायचे, यावर भाषांतरकारांचे एकमत नाही. तो फ्रेंच शब्द मुळात ढगाशी आणि रंगाच्या उतरत्या-चढत्या छायेशी जोडलेला, त्यामुळे ‘छटा’ सुचणे स्वाभाविक. शब्दाच्या अर्थाबद्दल बोलताना ‘अर्थच्छटा’ उत्तम (ऱ्हस्व स्वरापुढे ‘छ’चा ‘च्छ’ होतो, ‘अर्थछटा’ नव्हे). पण कायद्याच्या कलमात, शस्त्रक्रियेत किंवा वाटाघाटीत छटा नसतात, तिथे बारकावेच असतात.

खरे तर या सगळ्यासाठी ‘सूक्ष्म’ हा जुना, भक्कम शब्द होता. तो ‘स्थूल’च्या विरोधातला: आकाराने लहान एवढाच त्याचा अर्थ नव्हता, तर इंद्रियांना सहज न सापडणारे ते सूक्ष्म. सूक्ष्मदेह लहान नसतो. पुढे सूक्ष्मदर्शक आणि सूक्ष्मजीव आले, तिथपर्यंत जुना अर्थ कसाबसा टिकला, कारण नुसत्या डोळ्यांना न दिसणे हा धागा त्यांतही होता. मग परिभाषेत ‘मायक्रो’ दिसले की ‘सूक्ष्म’ लिहायचे असे ठरून गेले: सूक्ष्म सिंचन, सूक्ष्म वित्त, आणि 2006च्या कायद्यानंतर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग. तेव्हा उत्पादन करणाऱ्या सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत 25 लाख रुपयांची होती. 1 एप्रिल 2025पासून ती अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल अशी आहे. दहा कोटींच्या उलाढालीत इंद्रियांना न सापडण्यासारखे काही नाही. ‘अतिलघु’ हा शब्द हाताशी होता. तो घेतला असता तर ‘सूक्ष्म’ वाचला असता.

आता ‘सूक्ष्म फरक’ म्हटले की वाचक ‘अगदी थोडा फरक’ असे समजतो, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा. लिहिणाऱ्याला नेमके उलटे म्हणायचे असते. त्यातूनच ‘सूक्ष्म बारकावे’ हा जोड रूढ झाला आहे. संपादनात त्यातला ‘सूक्ष्म’ निःशंक काढावा.