यारदांग आणि झ्युजेन: एक वरून बघायचा, दुसरा बाजूने

एमपीएससीची तयारी करणारी आपल्या सोलापुरातली पोरं वाऱ्याच्या कार्यात हमखास इथंच अडकतात, यारदांग कुठला आणि झ्युजेन कुठला. दोन्ही वाळवंटातले खडकांचे आकार, दोन्ही वाऱ्यानं कोरलेले, पुस्तकात दोन्हीपुढं 'कठीण आणि मऊ खडकांचे थर' असंच लिहिलेलं, मग गोंधळ होणारच की ओ.

खरा फरक थर कसे आहेत त्यात आहे. चादरीच्या दुकानात थप्पी लावलेली असते तसे आडवे थर, आणि सगळ्यात वरचा थर कठीण, तर झ्युजेन. त्याच घड्या शेजारी शेजारी उभ्या लावल्या आणि त्या ओळी वाऱ्याच्या दिशेनंच असल्या तर यारदांग.

झ्युजेनची सुरुवात वारा करतच नाही, हे बरेच जण सोडून देतात. दिवसाचं ऊन, रात्रीचा गारठा, दव यानं वरच्या कठीण थराला भेगा पडतात, भेग खालच्या मऊ थरापर्यंत पोचली की मग वारा वाळू घेऊन आत घुसतो आणि मऊ खडक भराभर झिजवतो, वरचा कठीण तुकडा मात्र सपाट तसाच राहतो. आणि झीज खालीच का जास्त? तर वाळूचे कण उड्या मारत पुढं जातात आणि बहुतेक वाळू जमिनीपासून एक-दोन मीटरच्या आतच असते, उंच जाते ती बारीक धूळ, तिच्यानं खडक फारसा घासत नाही. भूछत्र खडकाची मान पण यामुळंच बारीक.

यारदांगमधे मऊ पट्टे खोदले जाऊन लांब चर पडतात आणि मधे कठीण कणे उभे राहतात, वाऱ्याकडचं तोंड बोथट नि उंच, मागं निमुळतं. इराणचं लूत वाळवंट सॅटेलाइट मॅपवर काढून बघा (२०१६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे), एकामागं एक समांतर रेघा, सगळ्या उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडं. चीनमधल्या लोप नूरचे यारदांग तर सुकलेल्या सरोवराच्या मातीत कोरलेले, म्हणजे उभे पट्टे पाहिजेतच असंही नाही, पुस्तकातली व्याख्या परीक्षेपुरती ठीक. माझ्या मते ओळख पटवायची सोपी रीत हीच, झ्युजेन बाजूनं बघायचा, थर दिसतात, यारदांग वरून बघायचा, वाऱ्याची दिशा दिसते.

आता आपल्याकडचं. दख्खनात सपाट माथ्याची टेकडी दिसली की कोणीतरी म्हणतंच, हा बघा झ्युजेन. नाही हो. बेसाल्टचे थर आडवे आहेत, कमी-जास्त कठीण आहेत, इथपर्यंत बरोबर, पण ते कोरलं पावसानं, ओढ्या-नद्यांनी आणि खडक कुजण्यानं, मे महिन्यात डोळ्यात धूळ गेली म्हणून सोलापूरचं वाळवंट होत नाही.

वरून बघायची रीत किती कामाची ते मंगळावर कळतं. तिथं मेड्युसे फॉसे नावाच्या भागात यारदांगांची रांगच्या रांग आहे, ते यानातून काढलेल्या फोटोत दिसतात आणि त्यावरून तिथं वारा कुठल्या दिशेनं वाहत आला याचा अंदाज बांधतात.