आरसेप नाकारला म्हणून चिनी माल थांबला का?

आरसेप म्हणजे चीनसह आशिया-प्रशांत भागातल्या देशांचा व्यापार करार. ‘आरसेप नाकारला आणि चिनी मालाला दार बंद झालं’ हे भोसरीच्या वर्कशॉपपासून तुळशीबागेतल्या दुकानांपर्यंत अजूनही ऐकू येतं. ते खरं नाही.

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने या प्रादेशिक व्यापार करारातून माघार घेतली. उरलेल्या १५ देशांचा करार १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. पण करारात न जाणं म्हणजे आयातबंदी नव्हे. आयातशुल्क कमी करायचं बंधन आपण घेतलं नाही, एवढंच. शुल्क भरून माल येतच राहिला: २०१८-१९ मध्ये चीनकडून सुमारे ७० अब्ज डॉलरची आयात होती, २०२४-२५ मध्ये ती ११३ अब्जांवर गेली. शिवाय आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट), जपान आणि दक्षिण कोरियाशी आपले व्यापार करार आधीपासून होतेच, म्हणजे आरसेपमधल्या बऱ्याच देशांसाठी दार आधीच उघडं होतं.

दूध उत्पादकांची भीती मात्र रास्त होती. आरसेपमधल्याच न्यूझीलंडच्या स्वस्त दूध पावडरीपुढे दोन-चार गाईंचा शेतकरी कसा टिकणार? त्यापुरता नकार मला योग्यच वाटतो.

खरा धोका दुसरीकडे आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. इलेक्ट्रिक दुचाकीच्या मोटरमध्ये हेच चुंबक लागतात, त्यामुळे पुणे-चाकणच्या वाहन उद्योगाची झोप उडाली. करारात असतो किंवा नसतो, ही टंचाई आलीच असती. कारण हे चुंबक बनवणारे कारखाने बहुतांशी एकाच देशात आहेत आणि आपल्याकडे ते उभे राहायला वर्षं लागतील.