बाउंडरी क्लॉक की ट्रान्सपरंट क्लॉक: पॅकेट कोणाचं?

‘ट्रान्सपरंट क्लॉक म्हणजे स्वस्तातलं बाउंडरी क्लॉक’ हे वाक्य आता खरंच थांबायला हवं. दोन्ही आयईईई १५८८ मध्येच आहेत, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांची घड्याळं जुळवणाऱ्या पीटीपी या प्रोटोकॉलच्या मानकात, पण जात वेगळी.

बाउंडरी क्लॉक पीटीपीवाल्यांना ठाऊकच असतं. एक पोर्ट स्लेव्ह, म्हणजे वेळ घेणारा; बाकीचे मास्टर, वेळ देणारे. आलेला सिंक, म्हणजे वेळेचा संदेश, तिथंच संपतो आणि पुढं नवा निघतो, त्याच्या स्वतःच्या ओळखीनं.

ट्रान्सपरंट क्लॉक स्वतःचा सिंक काढत नाही. आलेलं पॅकेट स्विचमध्ये किती वेळ अडकलं ते मोजून तो काळ संदेशातल्या करेक्शन फील्डमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या रकान्यात, मिळवतं आणि पॅकेट पुढं सोडतं. पाठवणारा म्हणून नाव मात्र मूळ मास्टरचंच राहतं. गोम इथं आहे: मजकूर बदलला एकानं, सही दुसऱ्याची. पीटीपी यूडीपीवरून, म्हणजे आयपीच्या वरच्या वाहतूक थरावरून, धावत असेल, तर फ्रेम पुढं ढकलणं एवढंच काम असलेला स्विच यूडीपीच्या ३१९ क्रमांकाच्या पोर्टवरच्या संदेशात, वरच्या थरात, हात घालतो.

मग यूडीपीचा चेकसम, म्हणजे मजकूर वाटेत बदलला नाही ना हे तपासणारी बेरीज, बिघडतो. आयपीव्ही४ मध्ये तो शून्य ठेवता येतो. आयपीव्ही६ मध्ये तशी मुभा नाही, म्हणून चेकसम जुळवायला संदेशाच्या शेपटाला दोन जादा बाइट लावावे लागले. मॅकसेक, म्हणजे इथरनेटच्या दुव्यावरचं एन्क्रिप्शन, प्रत्येक टप्प्यावर उघडतं, ते चालतं. पण टोकापासून टोकापर्यंत आयपीसेकचं, म्हणजे आयपी थरावरचं, एन्क्रिप्शन असेल, तर मधल्या स्विचला हे पीटीपी आहे हेच कळत नाही. एन्क्रिप्शन नसून नुसती क्रिप्टोग्राफिक सही असेल आणि तिच्यात करेक्शन फील्ड धरलं असेल, तर प्रत्येक स्विचला किल्ली द्यावी लागते.

‘टू-स्टेप वापरा, मग पॅकेट बदलावं लागत नाही’ हे तर साफ चूक. टू-स्टेपमध्ये नेमकी वेळ सिंकमागून येणाऱ्या फॉलो-अप संदेशात असते. सिंक तसाच जातो, बदल फॉलो-अपमध्ये होतो. तोही परकाच संदेश. उलट वन-स्टेप मास्टर उडत्या पॅकेटमध्ये वेळ लिहितो, पण ते पॅकेट त्याचं स्वतःचं.

८०२.१एएसनं, म्हणजे इथरनेट ब्रिजसाठीच्या (स्विचसाठीच्या) पीटीपी प्रोफाइलनं, हे नीट सोडवलंय. थांबल्या वेळेचा हिशोब जवळपास ट्रान्सपरंट क्लॉकचाच, पण प्रत्येक ब्रिज सिंक स्वतःच्या नावानं पाठवतो.

अचूकतेत ट्रान्सपरंट क्लॉक कमी नाही. वीज उपकेंद्रांच्या ६१८५०-९-३ प्रोफाइलमध्ये त्याला ५० नॅनोसेकंदांची चूक माफ आहे, बाउंडरी क्लॉकला २००. उपकेंद्रातल्या निव्वळ इथरनेटच्या लांब साखळीत मीही ट्रान्सपरंट क्लॉकच निवडेन. पण वाटेत राउटर आला, की बाउंडरी क्लॉकच.