झुरळ चार मीटरचं झालं तर

विनोदी भयपटांचा एक ठरलेला मसाला आहे. कुठेतरी अणुचाचणी होते, नाहीतर एखाद्या विक्षिप्त शास्त्रज्ञाच्या हातून बाटली फुटते, आणि आठवडाभरात बसएवढी झुरळं नि मुंग्या जग पादाक्रांत करतात. हसायला छान. पण पडदा विझल्यावर "हे खरंच होऊ शकेल का?" असं विचारणारा एखादा तरी निघतोच, आणि "मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन उचलते, मग मोठी मुंगी ट्रक उचलेल" असं ठासून सांगणाराही.

तर पुण्यातल्या मोरीतून निघणारं मोठं तांबूस झुरळ घेऊ. लांबी ४ सेंटिमीटर, वजन साधारण १ ग्रॅम. ते हुबेहूब शंभर पट करून लक्ष्मी रस्त्यावर सोडू. लांबी झाली ४ मीटर. लांबी, रुंदी, उंची तिन्ही वाढल्यामुळे वजन १० लाख पट, म्हणजे एक टन. पायाची ताकद मात्र त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, ती वाढली फक्त १० हजार पट. म्हणजे ताकदीच्या हिशोबात प्रत्येक पायावर पूर्वीच्या शंभर पट भार. गॅलिलिओने १६३८ सालीच हा हिशोब मांडून ठेवला आहे. ट्रक उचलणारी मुंगी तिथेच निकालात निघते.

पण समजा पाय जाडजूड करून दिले. तरी श्वासाचं काय?

कीटकांना फुप्फुसं नसतात आणि त्यांचं रक्त, थोडे अपवाद सोडले तर, ऑक्सिजन वाहून नेत नाही. झुरळाच्या छाती-पोटाच्या बाजूंना श्वासरंध्रांच्या १० जोड्या असतात. तिथून श्वासनलिका आत शिरतात, फांद्या फुटत फुटत एक मायक्रॉनपेक्षाही बारीक होतात आणि थेट पेशींपर्यंत हवा पोचवतात. साबणाच्या पाण्याने झुरळ मरतं ते यामुळेच. नुसतं पाणी मेणचट अंगावरून ओघळून जातं. साबणाने पृष्ठताण कमी झाला की ते रंध्रांत शिरतं.

या नळ्यांत, निदान शेवटच्या टप्प्यात, ऑक्सिजन विसरणाने सरकतो. म्हणजे रेणू आपले इकडेतिकडे धडपडत पुढे जातात. अशा प्रवासाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: अंतराचा वर्ग भागिले विसरणांकाची (रेणू किती भरभर पसरतात ते सांगणाऱ्या आकड्याची) दुप्पट. हवेत ऑक्सिजनचा विसरणांक सेकंदाला सुमारे ०.२ चौरस सेंटिमीटर. आकडे घालून पाहा. १ मिलिमीटरला सेकंदाचा चाळिसावा भाग, १ सेंटिमीटरला अडीच सेकंद, १० सेंटिमीटरला चार मिनिटं, आणि १ मीटरला जवळजवळ सात तास! पाण्यात विसरण याच्या दहा हजार पट मंद, म्हणून तर नळ्या हवेने भरलेल्या लागतात.

यावर "भाता लावा की" असं कोणी म्हणेल. मोठे कीटक तेच करतात. नाकतोड्याचं पोट हलताना दिसतं ते हवा आत-बाहेर ढकलण्यासाठी. पण त्यासाठी नळ्या रुंद हव्यात, आणि जागा कुठून आणायची? २००७ साली शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत लहानमोठ्या चार जातींच्या भुंगेऱ्यांचं क्ष-किरणांनी चित्रण झालं. त्यांतला सर्वात छोटा म्हणजे आपल्या पिठात सापडतो तोच तांबडा भुंगेरा. भुंगेरा जितका मोठा, तितका शरीराचा अधिक वाटा नळ्यांनी व्यापलेला दिसला, आणि सर्वात मोठी अडचण पाय जिथे धडाला जोडला जातो त्या चिंचोळ्या भोकात. तिथूनच स्नायू, मज्जातंतू आणि नळी जायची असते. त्यावरून भुंगेऱ्यांची कमाल लांबी १५-१६ सेंटिमीटर निघाली. आजचा सर्वात लांब भुंगेरा, दक्षिण अमेरिकेतला टायटॅनस, साधारण तेवढाच आहे.

३० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन आजच्या २१ टक्क्यांऐवजी ३० टक्क्यांच्या वर असावा. तेव्हा चतुरांचे दूरचे नातलग पंख पसरून ६५-७० सेंटिमीटर भरत. पुढे पक्षी आले, तेव्हा उडत्या कीटकांना मोठं असणं महागात पडलं असावं. सगळं श्रेय ऑक्सिजनला देऊन चालत नाही.

किरणोत्सर्गाने किडे फुगतात ही तर निव्वळ बाजारू कल्पना. नाशिक जिल्ह्यात लासलगावच्या केंद्रात अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यांना किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) गॅमा किरण देतात, ते कोयीतल्या भुंग्याची पुढची पिढी निपजू नये म्हणून. एवढ्या वर्षांत तिथून राक्षसी भुंगा काही बाहेर पडलेला नाही.

शिवाय झुरळाला वाढायचं तर कात टाकावी लागते, प्रौढ होईपर्यंत दहा-बारा वेळा. घरात कधीमधी दिसणारं पांढरं झुरळ वेगळ्या जातीचं नसतं आणि शकुन-अपशकुनही नसतो. ते नुकतीच कात टाकलेलं असतं. काही तासांत कवच कडक होऊन रंग चढतो. कातीबरोबर श्वासनलिकांचं अस्तरही रंध्रांतून ओढून बाहेर काढावं लागतं. चार मीटरच्या झुरळाला वीस रंध्रांतून हातभर लांबीची अस्तरं उपसावी लागतील, तीही अंग लोण्यासारखं मऊ असताना आणि वर एक टनाचं ओझं घेऊन. विनोदी भयपटवाल्यांनी निदान हा प्रसंग तरी घ्यावा, खर्चही कमी येईल: पहिल्याच कातीला राक्षस स्वतःच्या वजनाखाली चपटा होतो आणि उरलेला सिनेमा रस्ता साफ करण्यात जातो.